फ्लॅट 302, पण कुठल्या सोसायटीतला? स्कालात आतल्या क्लासवर पॅटर्न मॅच का फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्काला या प्रोग्रामिंग भाषेत एका क्लासच्या आत केस क्लास (डेटा ठेवायचा, पॅटर्नशी जुळवून बघता येणारा क्लास) लिहिला. बाहेरून आलेल्या व्हॅल्यूवर मॅच केलं, तर अपेक्षित केस लागतच नाही, गाडी सरळ अंडरस्कोअरच्या, म्हणजे "बाकी काहीही"च्या केसमध्ये जाते. डीबगरमध्ये क्लासचं नाव बरोबर दिसतं, छापून पाहिलं तर हुबेहूब तेच छापतं. कुणीतरी सांगितलं म्हणून आतला क्लास फायनल (ज्याचा सबक्लास करता येत नाही असा) केला, तर मॅच व्हायला लागलं, पण कंपायलर आउटर रेफरन्सबद्दल, म्हणजे बाहेरच्या ऑब्जेक्टच्या संदर्भाबद्दल, कुरकुरायला लागला. मग बग माझ्या कोडमध्ये आहे की स्कालात?

बग दोन्हीकडे नाही. स्कालात आतला क्लास बाहेरच्या क्लासचा नसतो, तो बाहेरच्या क्लासपासून बनलेल्या एकेका ऑब्जेक्टचा असतो. पॅटर्न मॅच करताना भाषा दोन गोष्टी विचारते: ही व्हॅल्यू कशाची, आणि कुणाची. तुमचा पहिला प्रश्न पास होतोय आणि दुसरा नापास. डीबगर आणि प्रिंट तुम्हाला फक्त पहिलाच दाखवतात, म्हणून सगळं ठीक असल्यासारखं वाटतं.

उदाहरण घेऊ. कोड मी वाचण्यापुरता देवनागरीत लिहितोय. कीवर्ड टाइप करताना अर्थातच नेहमीसारखे लिहा.

क्लास सोसायटी(नाव: स्ट्रिंग) {
  केस क्लास फ्लॅट(नंबर: इंट)
  डेफ नोंद(फ: फ्लॅट): युनिट = ...
}

व्हॅल गुलमोहर = न्यू सोसायटी("गुलमोहर")
व्हॅल पारिजात = न्यू सोसायटी("पारिजात")

आता गुलमोहर.फ्लॅट(302) आणि पारिजात.फ्लॅट(302) हे कंपायलरच्या लेखी दोन वेगळे टाइप आहेत. गुलमोहर.नोंद(पारिजात.फ्लॅट(302)) असं लिहून पाहा, कंपाइलच होणार नाही. टाइप मिसमॅच: मिळाला पारिजात.फ्लॅट, हवा होता गुलमोहर.फ्लॅट. याला पाथ-डिपेंडंट टाइप म्हणतात. टाइपचं नाव त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर ठरतं. जावातून आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण जावात आतला क्लास सोसायटी.फ्लॅट एवढाच असतो, मग तो कुठल्याही सोसायटीतून येवो. पण आपल्या रोजच्या व्यवहारात स्कालाचीच रीत चालते. कुरिअरवाल्याला नुसतं "तीनशे दोन" सांगून भागत नाही. तलाठ्याला नुसता गट नंबर सांगितला तर तो आधी गावच विचारतो.

कंपाइल टाइमला हे सोपं आहे, कारण कंपायलरकडे वाटेचं नाव असतं. रनटाइमला काय? जेव्हीएमला, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या जावाच्या यंत्राला, पाथ-डिपेंडंट टाइप ठाऊक नसतात. तिथे इरेजरनंतर, म्हणजे टाइपचे बारकावे पुसले गेल्यावर, एकच क्लास उरतो, सोसायटी$फ्लॅट, आणि दोन्ही सोसायट्यांचे फ्लॅट त्याच क्लासचे. मग पॅटर्न मॅच "कुणाचा" हे ओळखतं कसं?

यासाठी जावापी (क्लास फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं साधन) चालवून बाइटकोड एकदा डोळ्यांखालून घालाच. आतल्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये कंपायलर गुपचूप एक फील्ड घालतो, $आउटर. ज्या सोसायटीतून तो फ्लॅट बनला तिचा संदर्भ त्यात असतो. त्या फील्डपर्यंत पोचायला एक अ‍ॅक्सेसर मेथडही बनते, तिच्या नावात एवढे डॉलर असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपण फॉरेक्सच्या काउंटरवर उभे आहोत असं वाटावं. आता हे मॅच घ्या:

डेफ कुठला(क: एनी) = क मॅच {
  केस गुलमोहर.फ्लॅट(न) => "गुलमोहर " + न
  केस पारिजात.फ्लॅट(न) => "पारिजात " + न
  केस _ => "ओळख पटत नाही"
}

पहिल्या केसचं भाषांतर कंपायलर साधारण असं करतो: क हा सोसायटी$फ्लॅट क्लासचा आहे का? असेल तर त्याचा $आउटर आणि गुलमोहर हे एकच ऑब्जेक्ट आहेत का? दोन्ही हो असेल तरच नंबर काढून न मध्ये ठेव. इथली तुलना ईक्यू ची आहे, म्हणजे संदर्भाची. डबल इक्वलची नाही. सोसायटीला तुम्ही स्वतःचं इक्वल्स लिहून "नाव सारखं तर सोसायटी सारखी" असं ठरवलं असेल, तरी पॅटर्न मॅच त्याला विचारणार नाही. मेमरीत तेच ऑब्जेक्ट असेल तरच जुळेल.

हे कुणाच्या लहरीनं झालेलं नाही. स्कालाच्या स्पेसिफिकेशनच्या आठव्या प्रकरणात टाइप पॅटर्नबद्दल लिहिताना स्पष्ट म्हटलंय की क्लासच्या आधीचा प्रीफिक्सही धरला जातो, पॅटर्नमध्ये प.सी लिहिलं तर प या वाटेनं बनलेलेच सी जुळतात.

आता तुमच्या कोडमध्ये नेमकं काय होतंय ते पाहू. क्लासच्या आत तुम्ही नुसतं "केस फ्लॅट(न)" लिहिता. आधी काही प्रीफिक्स दिसत नाही, म्हणून आपण समजतो की कुठलाही फ्लॅट चालेल. प्रत्यक्षात तिथे न दिसणारा प्रीफिक्स आहे: धिस.फ्लॅट(न). म्हणजे "माझ्याच आतला फ्लॅट". बाहेरून आलेली व्हॅल्यू दुसऱ्या ऑब्जेक्टनं बनवलेली असेल, तर ती केस कधीच लागणार नाही. कंपायलरही गप्प, कारण येणारा टाइप एनी आहे आणि तसा फ्लॅट कधीतरी येऊ शकतो हे खरंच आहे.

या खड्ड्यात मी स्वतः पडलोय, तेही चांगला दोन दिवस. एका कंपनीत अक्का (एकमेकांना मेसेज पाठवणाऱ्या अ‍ॅक्टर नावाच्या घटकांची लायब्ररी) वापरून ऑर्डर प्रोसेसिंगचं काम चाललं होतं, तेव्हाचा जुना अनटाइप्ड अक्का. दोन अ‍ॅक्टरना एकाच प्रकारचे मेसेज लागायचे. "डुप्लिकेशन नको" म्हणून आमच्यातल्या एकानं ट्रेट (इतर क्लासमध्ये मिसळता येणारा कोडचा भाग) प्रोटोकॉल बनवला, त्यात केस क्लास सुरू(आयडी) आणि केस क्लास थांबा(आयडी) टाकले, आणि दोन्ही अ‍ॅक्टरनी तो ट्रेट मिक्स-इन केला. कोड रिव्ह्यूत आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मी तर जरा जास्तच.

चूक लक्षात आली का? ट्रेटच्या आतला केस क्लासही मिक्स-इन करणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टचा स्वतंत्र होतो. पाठवणारा अ‍ॅक्टर "माझा सुरू(7)" बनवायचा. घेणारा अ‍ॅक्टर रिसीव्हमध्ये "माझा सुरू" शोधायचा. जुळणार कसं? अनटाइप्ड अक्कात रिसीव्ह हे एनी घेणारं पार्शियल फंक्शन. न जुळलेला मेसेज अनहँडल्ड म्हणून इव्हेंट स्ट्रीमवर जातो, आणि डीबगचं सेटिंग मुद्दाम चालू केल्याशिवाय लॉगमध्ये उमटत नाही. ना एक्सेप्शन, ना वॉर्निंग. आम्हाला दिसायचा फक्त आस्क टाइमआउट. मग काय, टाइमआउट पाच सेकंदांचा तीस केला. नेटवर्कवर संशय घेतला. थ्रेड पूल वाढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी शेवटी केस _ लिहून आलेला मेसेज छापला. छापून आलं: सुरू(7). रिसीव्हमध्ये पहिलीच केस होती: सुरू(आयडी). पाचसहा जण स्क्रीनकडे बघत उभे. त्या क्षणी मला कंपायलरवर संशय आला होता, आणि कंपायलरवर संशय यायला लागला की समजावं, आपल्याला भाषेचा एखादा नियम माहीत नाही.

ट्रेटचा ऑब्जेक्ट केला, मिक्स-इनऐवजी इम्पोर्ट केला, आणि एका ओळीत प्रकरण मिटलं. अक्काच्या कागदपत्रांत मेसेजचे क्लास अ‍ॅक्टरच्या कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये (क्लासच्याच नावाच्या, एकुलत्या एक जोडीदार ऑब्जेक्टमध्ये) ठेवायला सांगतात, ते निव्वळ नीटनेटकेपणासाठी नाही हे तेव्हा कळलं.

टेस्टमध्ये हाच प्रकार वेगळ्या वेषात भेटतो. केस क्लासचं इक्वल्स कंपायलर बनवतो, आणि त्यातही हीच आउटरची तपासणी येते. म्हणून गुलमोहर.फ्लॅट(302) == पारिजात.फ्लॅट(302) हे फॉल्स आहे. टूस्ट्रिंगमध्ये मात्र आउटरचा उल्लेख नसतो. त्यामुळे टेस्ट फेल झाली की "फ्लॅट(302) डिड नॉट इक्वल फ्लॅट(302)" असा मेसेज येतो आणि माणूस डोक्याला हात लावून बसतो. हॅशकोडही दोघांचा सारखाच येतो, कारण तो फक्त फील्डवरून काढला जातो. मॅपमध्ये की म्हणून असे दोन फ्लॅट टाकले तर एकाच बकेटमध्ये जाऊनही वेगळे राहतात. दोन सारखे दिसणारे ऑब्जेक्ट समान नाहीत असा मेसेज दिसला, की मी आधी तो क्लास कुठे लिहिलाय ते बघतो. बहुतेक वेळा तो टेस्ट क्लासच्या पोटात किंवा एखाद्या फिक्स्चर ट्रेटमध्ये सापडतो.

डीबगिंग करताना आणखी एका गोष्टीनं फसगत होते. स्काला 2 मध्ये इझइन्स्टन्सऑफ लिहून तपासलं तर ते फक्त क्लास बघतं, आउटर बघत नाही. म्हणजे क.इझइन्स्टन्सऑफ[गुलमोहर.फ्लॅट] हे पारिजातच्या फ्लॅटलाही ट्रू म्हणेल, आणि तोच टाइप पॅटर्नमध्ये लिहिला तर जुळणार नाही. "अरे पण इझइन्स्टन्सऑफ तर हो म्हणतंय!" हे वाक्य मी किमान तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलंय.

आता फायनलचं. तुम्हाला दिसलेली वॉर्निंग ही असणार: "द आउटर रेफरन्स इन धिस टाइप टेस्ट कॅनॉट बी चेक्ड अ‍ॅट रन टाइम." म्हणजे या टाइप टेस्टमधला आउटर रेफरन्स रनटाइमला तपासता येणार नाही. का नाही? तर $आउटर हे फील्ड फुकट मिळत नाही. प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये एका संदर्भाची जागा जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे आतला ऑब्जेक्ट जिवंत आहे तोवर बाहेरचाही गार्बेज कलेक्टरच्या हाती लागत नाही. दहा हजार फ्लॅट कॅशमध्ये ठेवले तर अख्खी सोसायटी त्यांच्यामागे लटकून राहते. म्हणून आतला क्लास फायनल असेल आणि त्याला बाहेरच्या ऑब्जेक्टमधलं काहीच लागत नसेल, तर कंपायलर हे फील्ड गाळू शकतो. फायनल असण्याची अट यासाठी, की पुढे कुणी त्याचा सबक्लास करून आउटरची मागणी करणार नाही याची खात्री हवी.

फील्ड गाळलं की "कुणाचा" हे विचारायला जागाच उरत नाही. मग पॅटर्न फक्त क्लास बघतो आणि पारिजातचा फ्लॅट गुलमोहरच्या केसमध्ये खुशाल शिरतो. तुमचं मॅच फायनल लिहिल्यावर चालायला लागलं ते याच कारणानं. प्रश्न सुटला नाही, तपासणीच बंद झाली. कंपायलर वॉर्निंगमधून तेच सांगतोय: मी वचन दिलं होतं, पण आता ते पाळता येत नाही. यातले बारकावे, म्हणजे वॉर्निंग नेमकी कधी येते आणि कधी उगीच येते, आवृत्तीगणिक बदलत आलेत. तुमच्या आवृत्तीवर चारपाच ओळींचा प्रयोग करून बघणं सर्वांत खात्रीचं.

गंमत अशी, की "केस क्लास नेहमी फायनल लिहा" हा स्कालातला रूढ सल्ला आहे. वॉर्टरिमूव्हर या कोड तपासणाऱ्या साधनात तर त्यासाठी खास नियम आहे. सल्ला चांगलाच आहे, पण तो सर्वांत वरच्या पातळीवरच्या किंवा ऑब्जेक्टमधल्या केस क्लासना धरून दिलेला. क्लासच्या किंवा ट्रेटच्या पोटातल्या केस क्लासला तो लावला की ही वॉर्निंग पदरात पडते, आणि मग लोक ती दाबायचे उपाय शोधतात. दाबू नका. ती वॉर्निंग दिसली की क्लास चुकीच्या जागी आहे असं समजायचं. माझ्या अनुभवात दहात नऊ वेळा तसंच निघतं.

मग योग्य जागा कुठली? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: फ्लॅटला सोसायटीतलं काही लागतं का? सोसायटीच्या फील्ड, मेथड, टाइप पॅरामीटर, काहीही. नसेल लागत, तर क्लास कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये हलवा. ऑब्जेक्ट सोसायटीमध्ये केस क्लास फ्लॅट लिहिला, की वाट एकच उरते, सगळ्या जगात एकच. आउटर तपासायची गरजच संपते, आता फायनलही बिनधास्त लिहा. इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. कंपॅनियनमधली नावं स्कालात क्लासच्या आत आपोआप येत नाहीत, क्लासमध्ये इम्पोर्ट सोसायटी._ लिहावं लागतं. स्काला 3 असेल तर अंडरस्कोअरऐवजी तारा. आणि तो ऑब्जेक्ट स्वतः कुठल्या क्लासच्या पोटात नाही ना ते पाहा. टेस्ट क्लासच्या आत "ऑब्जेक्ट मेसेजेस" लिहून समाधान मानणारे मी पाहिलेत. क्लासच्या आतला ऑब्जेक्टही त्या क्लासच्या प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा मिळतो. रोग तोच राहतो, फक्त एक मजला खाली जातो.

फ्लॅट आतच राहायला हवा, पण कुठल्याही सोसायटीचा फ्लॅट चालेल असं मॅच हवं, तर टाइप प्रोजेक्शन वापरा: केस फ: सोसायटी#फ्लॅट. हॅशचा अर्थ "सोसायटी कुठलीही असो, तिचा फ्लॅट". इथे आउटर तपासला जात नाही, आणि वॉर्निंगही नाही, कारण तुम्ही तसं वचनच मागितलेलं नाही. अडचण एवढीच की सोसायटी#फ्लॅट(न) असा कन्स्ट्रक्टर पॅटर्न लिहिता येत नाही. टाइप पॅटर्न लिहून मग फ.नंबर म्हणावं लागतं. हे बऱ्याच ठिकाणी लागत असेल तर एक छोटा एक्स्ट्रॅक्टर (पॅटर्नमध्ये व्हॅल्यू उलगडून देणारा ऑब्जेक्ट) लिहून टाका:

ऑब्जेक्ट कुठलाहीफ्लॅट {
  डेफ अनअप्लाय(फ: सोसायटी#फ्लॅट): ऑप्शन[इंट] = सम(फ.नंबर)
}

मग केस कुठलाहीफ्लॅट(न) असं सुटसुटीत लिहिता येतं. स्काला 3 मध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट टाइपवरची हॅशवाली प्रोजेक्शन काढून टाकली आहेत, पण सोसायटीसारख्या ठोस क्लासवर ती चालतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. स्टँडर्ड लायब्ररीत याचं सुंदर उदाहरण आहे. जुन्या एन्युमरेशन क्लासच्या आत व्हॅल्यू नावाचा आतला क्लास आहे, आणि त्याच्या इक्वल्समध्ये केस दॅट: एन्युमरेशन#व्हॅल्यू असं प्रोजेक्शननं मॅच करून मग दोघांचे आउटर-एनम ईक्यूनं आणि आयडी डबल इक्वलनं तपासलेत. म्हणजे "कशाची" आणि "कुणाची" हे दोन्ही प्रश्न तिथे हातानं वेगवेगळे लिहिलेत. सोर्स उघडून त्या दोन ओळी वाचाच.

तिसरा रस्ता म्हणजे वाट उघड लिहायची: केस गुलमोहर.फ्लॅट(न). यासाठी गुलमोहर हा स्टेबल आयडेंटिफायर हवा, म्हणजे व्हॅल, लेझी व्हॅल, ऑब्जेक्ट किंवा मेथडचा पॅरामीटर. व्हार किंवा डेफ चालत नाही. कंपायलर "स्टेबल आयडेंटिफायर रिक्वायर्ड" म्हणून अडवतो. बरोबरच आहे. दर वेळी वेगळी सोसायटी हाती येणार असेल तर वाटेचा पत्ता देणार कसा?

इथपर्यंत वाचून हे सगळं म्हणजे नुसती कटकट आहे असं वाटलं असेल, पण या वैशिष्ट्यावर माझा खरं तर जीव आहे. समजा एका लिस्टमध्ये वेगवेगळ्या सोसायट्यांचे फ्लॅट मिसळून आलेत, लिस्ट[सोसायटी#फ्लॅट]. त्यातले गुलमोहरचे तेवढे नोंदवायचेत. गुलमोहर.नोंद ला थेट देता येत नाही, टाइप बसत नाही. पण असं लिहा:

सगळे.फॉरईच {
  केस फ: गुलमोहर.फ्लॅट => गुलमोहर.नोंद(फ)
  केस _ => ()
}

हे कंपाइल होतं, आणि अचूक चालतं. रनटाइमला $आउटर तपासला गेला, तो जुळला, आणि त्या पुराव्यावर कंपायलरनं फ ला गुलमोहर.फ्लॅट हा नेमका टाइप दिला. हातानं कास्ट नाही, "आयडी सारखा आहे का" अशी इफ नाही. एका सोसायटीचं बिल दुसरीला लागणारच नाही याची जबाबदारी भाषेनं उचलली. डेटाबेस सेशन आणि त्याच्या रो, पार्सर आणि त्याचे टोकन, सिम्युलेशन आणि त्याचे नोड: जिथे एकाची वस्तू दुसऱ्यात शिरली तर अनर्थ होतो, तिथे हे सोन्यासारखं काम करतं. आणि जोवर फ्लॅट फायनल नाही तोवरच हे वचन टिकतं, हे विसरू नका.

स्काला 2 चा कंपायलर स्वतः याच रचनेवर उभा आहे. सिंटॅक्स ट्रीचे सगळे केस क्लास, अप्लाय, सिलेक्ट, आयडेंट वगैरे, ट्रीज नावाच्या ट्रेटच्या पोटात आहेत, आणि तो ट्रेट ग्लोबल या भल्यामोठ्या क्लासमध्ये मिसळलेला आहे. कंपायलर प्लगइन लिहिणारा म्हणून सुरुवातीलाच इम्पोर्ट ग्लोबल._ लिहितो. दोन ग्लोबल एकाच वेळी जिवंत असले, उदाहरणार्थ आयडीईच्या प्रेझेंटेशन कंपायलरमध्ये, तर एकाचा ट्री दुसऱ्याच्या हाती लागू नये हाच हेतू. मॅक्रो आणि रिफ्लेक्शनमध्ये एक पायरी आणखी पुढे आहे: तिथे युनिव्हर्सच्या आत ट्री, सिम्बॉल, टाइप हे क्लासही नाहीत, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट टाइप मेंबर आहेत. त्यांच्यावर केस ट: ट्री लिहिलं तर इरेजरनंतर तपासायला काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून प्रत्येकासाठी एक इम्प्लिसिट क्लासटॅग (रनटाइमचा क्लास लक्षात ठेवणारी खूण) ठेवलेला असतो आणि पॅटर्न मॅच तो वापरतो. क्लासटॅगनं केलेली तपासणी मुळात क्लासपुरतीच असते, प्रीफिक्स तिला कळत नाही. स्काला 3 मध्ये याच कामासाठी टाइपटेस्ट आला, तो तुलनेनं प्रामाणिक आहे. कोट्सवालं रिफ्लेक्शन त्याच्यावरच चालतं.

डेटा इंजिनिअरिंगवाल्यांसाठी स्पार्कबद्दल (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून प्रोसेस करणाऱ्या साधनाबद्दल) स्वतंत्र सांगायला हवं, कारण पुण्या-बंगळुरात स्काला लिहिणारे निम्मे लोक आता तिथेच भेटतात. तिथे आउटरची तपासणी सीरियलायझेशनशी, म्हणजे ऑब्जेक्ट बाइटमध्ये बदलून पाठवण्याशी, टक्कर घेते. आतल्या क्लासचा ऑब्जेक्ट एक्झिक्युटरकडे (प्रत्यक्ष काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसकडे) पाठवला की $आउटरही सोबत जातो. बाहेरचा क्लास सीरियलायझेबल नसेल तर नॉटसीरियलायझेबल एक्सेप्शन. हा बरा प्रकार, निदान ओरडून सांगतो. सीरियलायझेबल असेल तर पलीकडे बाहेरच्या ऑब्जेक्टची नवी प्रत तयार होते. प्रत म्हणजे मूळ नव्हे, ईक्यू फॉल्स, मॅच फसलं, इक्वल्सही फसलं. स्पार्क शेल आपण टाइप केलेली प्रत्येक ओळ पडद्याआड क्लासमध्ये गुंडाळतं, त्यामुळे शेलमध्ये लिहिलेला केस क्लास रिड्यूसमध्ये की म्हणून वापरला तर सारख्या की एकत्र येत नाहीत, अशी तक्रार स्पार्कच्या सुरुवातीच्या काळात गाजली होती. आणि डेटासेट वापरताना "इनर क्लाससाठी एन्कोडर बनवता येत नाही, हा क्लास पेरेंट क्लासच्या बाहेर हलवून पाहा" असं एक्सेप्शन तर अनेकांनी पाहिलंच असेल. स्पार्कमध्ये माझा नियम सोपा आहे: केस क्लास वेगळ्या फाइलमध्ये, सर्वांत वरच्या पातळीवर. वाद नाही.

बाकीच्या भाषांत हा त्रास नाही, कारण हे वचनच नाही. जावात इन्स्टन्सऑफ पॅटर्न जावा 16 पासून आणि रेकॉर्ड पॅटर्न जावा 21 पासून पक्के आले, पण आउटर कुणीच तपासत नाही. शिवाय आत लिहिलेलं रेकॉर्ड आपोआप स्टॅटिक असतं, त्याला आउटर नसतोच. आणि स्कालाच्या फायनलसारखीच काटकसर जावाकंपायलरनंही जेडीके 18 पासून सुरू केली: आतल्या क्लासनं बाहेरचा ऑब्जेक्ट वापरलाच नसेल तर त्याचं लपलेलं फील्ड गाळतात. कोटलिनमध्ये इनर लिहिल्याशिवाय आतला क्लास स्टॅटिकसारखाच. पायथनमध्ये 3.10 पासून मॅच आहे, तिथे केस सोसायटी.फ्लॅट(नंबर=न) लिहिता येतं, पण तो सोसायटी म्हणजे क्लास; आतला क्लास हे नुसतं एका नावाखाली ठेवलेलं दुसरं नाव.

तुमच्या कोडकडे परत येतो. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून आतला केस क्लास बाहेरच्या क्लासमधलं काहीच वापरत नाही. तो फक्त "इथे शोभतो" म्हणून तिथे आहे. तेव्हा तो कापून कंपॅनियनमध्ये न्या, इम्पोर्टची ओळ घाला, फायनल ठेवलात तरी चालेल. व्हॅल्यू बनवणाऱ्या ठिकाणी आधी अमुक.फ्लॅट(...) लिहिलं असेल तिथे सोसायटी.फ्लॅट(...) करा, कंपायलर एकेक जागा दाखवत जाईल. इन्क्रिमेंटल कंपाइलवर विसंबू नका, एकदा क्लीन करून बिल्ड करा, नाहीतर टार्गेटमध्ये राहिलेली जुनी क्लास फाइल बघत बसाल. मग आतल्या क्लासवर जावापीला -पी देऊन चालवा. यादीत नंबर दिसेल, कॉपीपासून इक्वल्सपर्यंत नेहमीची मंडळी दिसतील, आणि $आउटर दिसणार नाही.